विरोध कायम ठेवून

माझ्या पहिल्या भाडेकराराच्या शेवटच्या पानावर माझी सही आहे, घरमालकांची सही आहे आणि त्यांच्या सहीच्या उजव्या बाजूला निळ्या शाईत एक ओळ आहे: "भाडेकरूच्या नोकरीस विरोध कायम ठेवून." हा कागद मी ज्याला ज्याला दाखवला तो आधी हसला आणि मग त्याने विचारलं, की मग तुला खोली दिली कशाला?

खोली दिली, कारण मी दहाला येते म्हणाले होते आणि दहाला पोचले होते. माझ्याआधी आलेल्या दोघांना घरमालक काकांनी फाटकातूनच परत पाठवलं होतं. एक उशिरा आला म्हणून आणि दुसरा लवकर आला म्हणून. मी देवळ्याहून पहाटेची एसटी पकडून आले होते आणि वेळ जाईना म्हणून जेल रोडच्या एका टपरीवर दोन चहा पिऊन बसले होते, एवढंच माझं कर्तृत्व.

"कुठे नोकरीला?" त्यांनी विचारलं.

"हॉस्पिटलात. सरकारी योजनेच्या टेबलावर. आरोग्यमित्र म्हणतात आम्हाला."

"करता काय?"

"पेशंटचं कार्ड बघायचं, कागद तपासायचे, मंजुरीसाठी ऑनलाइन पाठवायचे. मंजुरी आली की ऑपरेशन फुकट होतं."

"म्हणजे ती योजना, जी आता सरसकट सगळ्यांना करून टाकलीय?"

"हो. आधी पिवळं नाहीतर केशरी रेशनकार्ड लागायचं. आता पांढरंही चालतं."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत लावला. "माझा त्याला विरोध आहे," ते म्हणाले. जसं काही मीच मुंबईत बसून तो निर्णय घेतला होता. मी बॅग उचलायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांनी पुढचं वाक्य टाकलं, "वरची टाकी सकाळी सहाला भरते. नळ गळत राहिला तर मला खाली ऐकू येतो." म्हणजे खोली मिळाली होती.

काका उंच होते आणि जरा पुढे वाकलेले. बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशाला शाईचं पेन. बॉलपेनने केलेल्या सहीला ते सही मानत नसत. सगळी नोकरी विदर्भातल्या एका वीज केंद्रात झालेली, शिफ्ट इन्चार्ज म्हणून. बायको नोकरीत असतानाच गेली. निवृत्त झाल्यावर नाशिकरोडला हे छोटं घर बांधलं आणि विधवा धाकट्या बहिणीला सोबतीला आणलं. तिला सगळी गल्ली माईआत्या म्हणायची. गच्चीवरून लांब एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसत. काका रोज सकाळी तिकडे बघून धुरावरून निदान करत. "आज एकच युनिट चाललंय," ते मला सांगत, आणि मी मान डोलवून कामावर जाई. ते खरं असे की नाही, हे मी कधी तपासलं नाही.

फुकट घ्यायचं नाही हा त्यांचा मोठा नियम. आता फुकट घ्यायचं नाही असं पुष्कळ जण म्हणतात, पण काका ते कोथिंबिरीपर्यंत नेत. भाजीवाल्या मावशीने वांग्यांवर चार काड्या कोथिंबीर टाकली की हे उचलून परत ठेवत.

"मावशी, मी कोथिंबीर मागितली का?"

"अहो बाबा, वरून टाकली. त्याचे पैसे नाय."

"म्हणून तर नको."

पुढे पुढे ती मावशीच शेजारच्या भाजीवाल्याला ओरडून सांगायची, "या बाबांना कोथिंबीर टाकू नको रे, लय राग येतो त्यांना!" द्राक्षांच्या दिवसांत तर बघायलाच नको. पिंपळगावहून गाडी भरून आणणारा तो द्राक्षवाला, दोन मणी चाखून बघा म्हणणारच. नाशिकमध्ये कोण चाखत नाही? काका दोन मणी चाखत, एक किलो तोलून घेत आणि मग पिशवीतून मोजून दोन मणी तोडून त्याच्या गाडीवर परत ठेवत. तो माणूस पहिल्या वेळी माझ्याकडे असा बघत राहिला, की मलाच कसंतरी झालं.

दुसरा नियम लिहिण्याचा. काका हुकूम मोडत नसत, पण न पटलेला हुकूम पाळताना ते पटलेलं नाही याची नोंद केल्याशिवाय राहत नसत. कुरिअरच्या पावतीवर ते लिहीत, "पार्सल मिळाले. खोके ओले. विरोध कायम." गल्लीच्या गणपती मंडळाच्या पावतीवर लिहीत, "वर्गणी दिली. स्पीकरच्या संख्येस विरोध कायम." भाचीच्या साखरपुड्याच्या यादीवर, जिथे दोन्हीकडच्या मोठ्यांनी सह्या करायच्या होत्या, तिथेही त्यांनी "मानपानास विरोध कायम ठेवून" असं लिहिलं आणि मग सगळ्यांच्या आधी पंगतीला बसले. मुलाकडचे घाबरले होते. माईआत्यांनी त्यांना समजावलं, "त्याचा राग नाहीये हो, ती त्याची सहीच तेवढी लांब आहे."

दर महिन्याला मी भाडं दिलं की मला पावती मिळे आणि पावतीवर तोच शेरा मिळे. पहिले दोन महिने मी तो वाचला. मग मला तो दिसेनासा झाला. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

योजनेवरून आमचं भांडण रविवारी सकाळच्या चहाला व्हायचं. आवाज कोणाचाच चढत नसे. काकांचं म्हणणं असं, की योजना गरिबाची होती तोवर त्यांची काही तक्रार नव्हती. "पण मला कशाला? मला पेन्शन आहे, घर आहे. माझं आजारपण मी निस्तरीन."

"पांढऱ्या कार्डावाले सगळे तुमच्यासारखे नसतात, काका. परवा एक टेलर आला होता. कधीकाळी बापाच्या दुकानावरून पांढरं कार्ड झालं, ते तसंच राहिलं. बायकोचं ऑपरेशन. मागच्या वर्षी आला असता तर मला त्याला परत पाठवावं लागलं असतं."

"त्याला द्या ना. मी कुठे नको म्हणतो?"

"त्याला द्यायचं आणि तुम्हाला नाही, हे ठरवणार कोण?"

"सरकार कशाला आहे मग? ठरवायला त्रास होतो म्हणून सगळ्यांना बोलावणं देऊन टाकलं. तुमच्या हॉस्पिटलात खाटा वाढल्या का?"

"नाही."

"सर्जन वाढले?"

"नाही."

"मग ऐक." एव्हाना मी त्यांच्यासाठी 'तू' झाले होते. "खाटा तेवढ्याच आणि माणसं दुप्पट. आता पुढे कोण जाईल? ज्याची ओळख आहे तो. आजपर्यंत ओळखीवाला माणूस पैसे भरून दुसरीकडे जात होता, म्हणून त्या गरिबाला खाट मिळत होती. आता दोघं एकाच रांगेत."

"आमच्याकडे रांगेत ओळख चालत नाही."

"नाही?"

"नाही," मी म्हणाले. आणि तेव्हा ते खरं होतं.

एकदा गल्लीच्या हॉलमध्ये योजनेची कार्डं काढून देण्याचं शिबिर झालं. टेबलावर अर्थात मी. काकांनी दाराशी खुर्ची टाकली, मांडीवर एक पुठ्ठा घेतला आणि त्यावर चांगल्या अक्षरात लिहिलं, "परवडत असेल तर परत जा." कोणाला अडवलं नाही की कोणाशी वाद घातला नाही. फक्त प्रत्येकाने तो पुठ्ठा वाचून आत यायचं. एक फ्लॅटवाले गृहस्थ वाचून खरोखरच परत गेले आणि संध्याकाळी बायकोला पाठवलं. दुपारी ऊन आलं तेव्हा मीच काकांची खुर्ची सावलीत ओढली. त्यांनी राज्यातल्या मोठमोठ्या साहेबांना पत्रंही लिहिली होती, सगळी रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. उत्तरं एकाच मजकुराची येत, आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे. काकांना उत्तराचं फार नसे. ते पोचपावत्या जपून ठेवत.

ही लिहिण्याची खोड त्यांना कुठून लागली, ते मला माईआत्यांनी सांगितलं. मागच्या पायरीवर आम्ही दोघी मेथी निवडत होतो. काका बँकेत गेले होते.

"आधी तो असा नव्हता," आत्या म्हणाल्या. "तोंडाने भांडायचा आणि मोकळा व्हायचा. एकदा वरच्या साहेबाने सांगितलं, बॉयलर चालू करा. दादा म्हणाला, एक व्हॉल्व्ह अजून तपासायचाय. साहेब म्हणाला, करा चालू. यानं केला. त्याची सही होती हुकूम मिळाल्याची. खाली एक फिटर होता, वाफ अंगावर आली बघ त्याच्या."

"गेला?"

"जगला. पण हात कामाचे राहिले नाहीत. चौकशी लागली. दादा म्हणाला, मी नको म्हणालो होतो. ते म्हणाले, लॉगबुकात कुठे आहे? लॉगबुकात नुसती सही. साहेब म्हणाला, मला कोणी काही बोललं नाही." आत्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "त्या फिटरची बायको दादाला म्हणाली होती, तुम्ही नको म्हणाला असता तर बरं झालं असतं. तिला कोण सांगणार? तेव्हापासून लिहितो. नुसती सही करायची वेळ आली की त्याचा हात थांबतो."

मेथी निवडून झाली होती.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला आत्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. मग पायावर सूज आली. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची एक झडप अरुंद झालीय, बदलावी लागेल, फार थांबू नका. काकांनी त्याच दिवशी बँकेचं पासबुक काढलं. त्यांच्या पेन्शनीबरोबर जी औषधपाण्याची सवलत होती तिच्यात बहीण बसत नव्हती. ठेवी मोडायचं त्यांनी ठरवूनही टाकलं.

आत्यांनी उशीखालून योजनेचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. त्या शिबिराच्या दिवशी दाराशी काका पुठ्ठा घेऊन बसले होते, तेव्हा त्या मागच्या दाराने येऊन कार्ड काढून गेल्या होत्या. काढून देणारी मीच होते आणि तेव्हापासून मी तोंड उघडलं नव्हतं.

"दादा, तुझ्या ठेवी तुझ्या म्हातारपणाला राहू दे," आत्या म्हणाल्या. "माझं आजारपण माझं आहे. ते कसं निस्तरायचं ते मी ठरवणार. तूच म्हणतोस ना?"

काका खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं होतं खूप बोलतील. ते एवढंच म्हणाले, "कुठे सही करायची?"

आमच्या हॉस्पिटलात हृदयाचे सर्जन आठवड्यातून दोन दिवस येत, मंगळवारी आणि शुक्रवारी. एका दिवसाला दोनच ऑपरेशनं. मंगळवारची एक जागा आत्यांसाठी धरली होती. मंजुरीला जे कागद पाठवायचे त्यात नातेवाइकाचं संमतिपत्र असतं. काकांनी ते तीनदा वाचलं आणि सही केली. मी ते स्कॅन केलं आणि शनिवारी बाकीच्या कागदांबरोबर पाठवून दिलं. सोमवारी सकाळी ते परत आलं. "संमतिपत्रावर अनावश्यक मजकूर. नवीन संमतिपत्र सादर करावे."

मी स्क्रीनवर मोठं करून बघितलं. सहीच्या उजवीकडे, निळ्या शाईत, "योजनेच्या सरसकट विस्तारास विरोध कायम ठेवून."

दिवसाला पन्नास फॉर्म तपासणारी मी. कोणाच्या आधारकार्डावर जन्मतारखेचा एक आकडा पुसट असला तरी मला दिसतो. पण ती ओळ मी दर महिन्याला पावतीवर बघत होते, आणि त्या दिवशीही बघितली असणार, फक्त ती मला सहीचाच भाग वाटली. मंगळवार हातचा गेला. आत्यांना आता आडवं झोपवत नव्हतं, वॉर्डात त्या उशा लावून बसून राहायच्या.

काकांना मी फोन करून बोलावून घेतलं. दुपारी तीनला ते माझ्या टेबलासमोर बसले. आत्यांना तपासणीहून परत नेताना वॉर्डबॉयने त्यांची चाकाची खुर्ची तिथेच थांबवली. मी नवीन संमतिपत्र पुढे केलं आणि म्हणाले, "काका, या वेळी फक्त सही."

"फक्त सही," ते म्हणाले. पेनाचं टोपण काढलं. पेन कागदावर टेकवलं आणि तसंच ठेवलं. शाईचा एक ठिपका पडला आणि पसरायला लागला. मी घाईघाईने दुसरा कागद दिला. मागे रांगेतला एक जण म्हणाला, "बाबा, आटपा ना." मी त्याच्याकडे असं काही बघितलं असेल, की तो बाजूच्या बाकावर जाऊन बसला.

"दादा," आत्या म्हणाल्या. बोलताना त्यांना दम लागत होता. "नुसतं नाव लिही. तुझा विरोध मला पाठ आहे."

काकांनी नाव लिहिलं. हात सवयीने उजवीकडे सरकला आणि तिथे थांबला. मग त्यांनी पेन बंद केलं, खिशाला लावलं आणि कागद माझ्याकडे ढकलला. त्यांचा चेहरा मी आधी कधी तसा बघितला नव्हता. मला रडू येत होतं, पण टेबलावर बसून रडता येत नाही.

मंजुरी बुधवारी आली. आणि शुक्रवारच्या दोन्ही जागा आधीच भरलेल्या होत्या.

ऑपरेशनची यादी थिएटरच्या सिस्टर करत. कोणाचे कागद पूर्ण आहेत हे त्या मला विचारत आणि मी सांगेन ते लिहीत. शुक्रवारचा पहिला नंबर पेठ तालुक्यातल्या एका माणसाचा होता. चाळिशीचा असेल. झडपेचंच ऑपरेशन, केशरी कार्ड, सगळे कागद पूर्ण, मंजुरी आठवड्याभरापूर्वीच आलेली. बरोबर बायको आणि एक कापडी पिशवी.

मी सिस्टरना सांगितलं, "त्याच्या कागदात एक शंका आहे. त्याला पुढच्या मंगळवारी घ्या. त्याच्या जागी आमच्या आत्यांना."

सिस्टरनी लिहून घेतलं. एवढं सोपं होतं ते.

शुक्रवारी सकाळी आत्यांना आत नेलं. काका थिएटरबाहेरच्या बाकावर बसले आणि त्या माणसाची बायको त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली, कारण बाक एकच आहे. दुपारी मी गेले तेव्हा काकांनी आपल्या डब्यातली पोळीभाजी तिला अर्धी दिली होती. ती मला बघून म्हणाली, "बाई, आज आमचा नंबर व्हता ना?"

"मंगळवारी होईल," मी म्हणाले.

"मंगळवार लय लांब झाला बाई. द्राक्षांची छाटणी चालू झाली. मुकादम थांबत नाय."

काका आमच्या दोघींकडे बघत होते. मी तिथून निघाले.

आत्यांचं ऑपरेशन नीट झालं. शनिवारी सकाळी त्या शुद्धीवर आल्या आणि पहिल्यांदा काय विचारलं, तर दादाने चहा घेतला का. मला इतका आनंद झाला होता, की मी टेबलावर आलेल्या प्रत्येकाशी हसून बोलत होते. अकराच्या सुमारास काका आले. उभेच राहिले.

"त्या माणसाचे कागद मी बघितले," ते म्हणाले. "बायकोच्या पिशवीत होते. मंजुरीचासुद्धा आहे. पूर्ण आहेत."

मी टेबलावरचे फॉर्म सारखे करायला लागले.

"आमच्यामुळे तो मागे गेला का?"

"नाही, काका. त्यांच्या कागदात एक शंका होती."

"कसली?"

"वरून होती."

त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण काढलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. टेबलावरचा एक कोरा कागद ओढून त्याच्याजवळ सरकवला. "लिहून दे," ते म्हणाले.

मी पेन उचललं. तारीख लिहिली. पुढे हात चालेना. रांगेत सहा-सात माणसं होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती, किंवा मला तसं वाटलं. काका थांबले. बराच वेळ थांबले. मग त्यांनी माझ्या हातातून पेन हळूच काढून घेतलं, टोपण लावलं आणि ते वॉर्डकडे निघून गेले. तारीख लिहिलेला कागद मी फाडून टाकला.

त्याच दुपारी तो माणूस आणि त्याची बायको निघून गेले. मुकादमाचा फोन आला होता, छाटणीला माणसं कमी होती, आज आला नाहीत तर जागा भरतो म्हणाला. "छाटणी झाली का येतू," बायको म्हणाली. आम्ही दोघांचे अंगठे घेतले, स्वतःच्या इच्छेने जात आहोत म्हणून. त्या कागदावर सगळी जागा मोकळी होती, पण त्यांना लिहिता येत नव्हतं.

सोमवारी काका पेठच्या एसटीत बसून गेले. माणसाचा पत्ता त्यांनी कागदांवरून उतरवून घेतला होता. दुपारी परत आले. चपलांना लाल माती होती. "घराला कुलूप आहे," ते आत्यांना म्हणाले. मी वॉर्डात आत्यांच्या खाटेशीच होते, तरी माझ्याकडे बघितलं नाही. "पोरांनाही नेलंय छाटणीला. कुठल्या गावाला ते तिथे कोणाला माहीत नाही." मंगळवारची त्याची जागा आम्ही सटाण्याच्या एका बाईला दिली. तो माणूस पुन्हा आला नाही. दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात गेला असेल, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

आत्यांना घरी सोडताना योजनेचा एक अभिप्रायाचा फॉर्म भरून घ्यावा लागतो. उपचार मिळाले का, पैसे मागितले का, आणि शेवटी तक्रार किंवा सूचना, त्यासाठी चार ओळी. तो फॉर्म माझ्याच हाताने काकांपुढे ठेवावा लागला. माझी नोकरी त्या चार ओळींत होती आणि हे आम्हा दोघांना माहीत होतं. कुरिअरच्या ओल्या खोक्याची नोंद करणारा माणूस तो. काकांनी फॉर्म वाचला. सही केली. चारही ओळी कोऱ्या ठेवून फॉर्म मला परत दिला.

त्यानंतर आम्ही योजनेवर भांडलो नाही. चहा होत राहिला. आत्या जिना चढून वर माझ्या खोलीत यायला लागल्या, मेथीची भाजी घेऊन. भाड्याच्या पावतीवरचा शेरा मात्र बंद झाला. मी आता पावती नीट वाचायला लागले होते आणि वाचायला काही नसायचं.

काकांची सरकारला पत्रं चालूच होती. एक पत्र त्यांनी पोस्टात टाकण्याआधी मला वाचायला दिलं, अक्षर लागतंय का बघ म्हणून. तोच जुना मजकूर, खाटा तेवढ्याच, माणसं दुप्पट. शेवटी एक नवी ओळ होती. "सर्वांसाठी म्हटले की ओळखीच्यांना आधी मिळते. उदाहरण : मी स्वतः."

"लागतंय का?" त्यांनी विचारलं.

"लागतंय," मी म्हणाले. त्यांनी पाकीट चिकटवलं.

वर्षभराने माझी बदली पिंपळगाव बसवंतला झाली. आता तिथेच असते. छाटणीच्या दिवसांत हायवेवरून मजुरांचे टेम्पो जातात आणि मी नकळत त्यातली माणसं बघत राहते. योजना चांगली आहे, असं मला आजही वाटतं. परवाच एका शाळामास्तरांच्या पांढऱ्या कार्डावर मंजुरी आली तेव्हा ते माझ्या टेबलासमोर उभे राहून रडले. काका समोर असते तर मी त्यांच्याशी पुन्हा भांडले असते.

पण त्यांच्या पत्रात एक चूक आहे. काकांनी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. उदाहरण म्हणून त्यांनी स्वतःचं नाव घातलं, ते माझं हवं होतं. म्हणून आज त्यांनी मागितलं होतं ते लिहून देते आहे, शाईच्या पेनाने, आणि उद्या ते काकांना रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवणार आहे. त्या शुक्रवारी पहिला नंबर पेठच्या त्या माणसाचा होता. त्याच्या कागदात कसलीही शंका नव्हती. नंबर मी बदलला. खाली सही केली आहे, आणि सहीच्या उजवीकडची जागा काकांसाठी मोकळी सोडली आहे.